रपट्यापलीकडची ओटी

लसणाची पात पिवळी पडून आडवी झाली होती, आभाळात मावठ्याचे ढग जमू लागले होते आणि गावात उपटायला एक बाई मिळत नव्हती. सगळ्या बायका पीपलरावां गावाच्या बाजूला जात होत्या. तिकडचे शेतकरी सकाळी दारात पिकअप पाठवत, दुपारी चहा देत आणि संध्याकाळी पुन्हा दारात आणून सोडत. राजाबाईंकडे पिकअप नव्हती. त्यांच्याकडे एक नवरा होता, एक सून होती आणि दोन खुरपी होती. त्यातल्या एकाची मूठ ढिली होती.

नवरा म्हणजे खंडोजीराव. त्यांचे कुणी पणजोबा देवासच्या दरबारात पागेवर होते. घोडे गेले, पागा गेली, घरात फक्त 'साहेब' तेवढा शिल्लक राहिला. सून सासऱ्याला आबासाहेब म्हणायची, सासूला माँसाहेब म्हणायची आणि आबासाहेब व माँसाहेब दोघंही उकिडवे बसून ढेकळांतून लसूण उकरायचे. राजाबाईंना याचं हसू यायचं, पण हसायला सवड नव्हती.

सून प्रियांका. एकोणीस पुरी झालेली, सातवा महिना लागलेला आणि बारावीत शिकणारी. आईच्या दुखण्यात तिची दोन वर्षं शाळा बुडाली होती. शेवटी आईही गेली. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी हाटपिपल्याला, नरसिंहाच्या देवळात, खंडोजीरावांकडून शब्द घेतला की पोरीची बारावी पुरी होऊ द्याल. खंडोजीरावांनी देवासमोर मान डोलावली. मान डोलवायला त्यांना कधीच जड गेलं नाही. पुढचं निस्तरायला राजाबाई होत्याच.

परीक्षा तोंडावर आली होती. आता राहिली तर कायमची राहिली, हे राजाबाईंना पक्कं ठाऊक होतं. पोर झाल्यावर पुस्तक हातात घेतलेली एकही सून त्यांनी उभ्या गावात पाहिली नव्हती.

त्या दिवशी ऊन चढायच्या सुमाराला बांधावर एक पांढरी गाडी येऊन थांबली. राजाबाई खुरपं टाकून उठल्या. गाडीतून आधी सुमंगला मॅडम उतरल्या, मग त्यांचा हात धरून प्रियांका. पोरीचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"काकू, घाबरू नका," मॅडम लांबूनच म्हणाल्या. कुणी असं म्हणालं की घाबरायचं असतं, एवढं राजाबाईंना कळत होतं.

"काय झालं?"

"प्रार्थनेच्या वेळी चक्कर आली. आता बरी आहे. बडे सर म्हणाले, घरी पोचवून या. आणि मी काय म्हणते काकू, आता तिने शाळेत नाही आलं तरी चालेल. हजेरीचं आम्ही बघू."

"हजेरीचं तुम्ही बघाल. पेपर कोण लिहील? ते पण तुम्हीच बघाल का?"

मॅडम हसल्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सुमंगला मॅडम देवासच्या. रोज बसने यायच्या, राज्यशास्त्र शिकवायच्या. सगळी शाळा हिंदी बोलणारी, मराठी त्या एकट्याच. म्हणून प्रियांकाचं पोट दिसायला लागलं तेव्हा बडे सर म्हणजे प्रिन्सिपल त्यांना म्हणाले होते, "मैडम, ये आपके लोग हैं, आप ही सँभालो." त्या दिवसापासून मॅडम सांभाळत होत्या. मनाने त्या चांगल्याच होत्या. पण काळजी घ्यायची म्हणजे माणसाला उचलून बाजूला ठेवायचं, अशी त्यांची आणि सगळ्या शाळेचीच समजूत होती.

पी.टी.च्या सरांनी प्रियांकाला जिना चढायची बंदी केली. बारावीचा वर्ग माडीवर भरायचा, म्हणून ती खाली व्हरांड्यात खुर्चीवर बसून वरून येईल तेवढं ऐकायची. वर्गच खाली आणावा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. इतिहासाच्या मॅडम तिला प्रश्न विचारत नसत, का तर ताण नको. हिंदीचे सर दिसली की म्हणत, "बेटा, आराम करो." बडे सर लांबूनच तिच्या पोटाकडे बघत आणि दुसऱ्या दाराने निघून जात. सगळे एवढे जपत होते की महिन्याभरात कुणी तिला एक धडा समजावून सांगितला नव्हता.

गाडी गेली. राजाबाईंनी सुनेला निंबाच्या सावलीत बसवलं आणि घागरीतून तांब्या भरून दिला. तिने तो एका दमात संपवला. दुसरा दिला, तोही संपवला. तिसऱ्याला राजाबाईंनी तांब्या हातातच धरून ठेवला.

"सकाळपासून पाणी पिली नव्हतीस का तू?"

"शाळेत नाही पीत मी, माँसाहेब."

"का? पाण्यात काय जहर आहे तिथल्या?"

"नाही ना. पाणी पिलं की फिर जावं लागतं." प्रियांका ओढणीच्या टोकाशी चाळा करू लागली. "सारखंच जावं लागतं आजकल. आणि लॅट्रिनला ताला असतो."

"मुलींच्या?"

"हो. मुली गंदा करतात म्हणून. चावी ऑफिसमध्ये असते, हर्षितबाबूंकडे. तिथे मुलं फॉर्म भरायला उभी असतात. त्यांच्यासमोर मागावी लागते. परवा मी दुसऱ्यांदा गेले तर ते जोरात बोलले, 'अभी तो गई थी.' सगळी मुलं हसली."

"मग?"

"मग मी पाणी बंद केलं."

पोरीने शाळेसाठी कुठला अभ्यास बंद केला नव्हता, पाणी बंद केलं होतं. पोटात एक जीव घेऊन ती सकाळपासून दुपारपर्यंत कोरडी बसत होती, आणि शाळेतली शिकलेली माणसं तिला चक्कर का येते याचा विचार न करताच तिला घरी पाठवत होती. राजाबाईंचा संताप इतका उसळला की त्यांनी तिसरा तांब्या स्वतःच पिऊन टाकला.

"मॅडमना सांगितलंस?"

"लाज वाटते."

"तुला लाज वाटते, त्या बाबूला नाही वाटत. वा!"

संध्याकाळी त्यांनी मुलाच्या, अमनच्या, जुन्या फोनवरून सुमंगला मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "अगं बाई, असं आहे का? मला ठाऊकच नव्हतं हो काकू. मी बोलते बडे सरांशी," असं त्या म्हणाल्या. त्या बोलल्याही. बडे सर म्हणाले, देखते हैं. निरीक्षणाला वरची माणसं येणार होती आणि तोवर संडास स्वच्छ राहायला हवा होता. म्हणजे तो वापरायचाच नाही. कुलूप होतं तिथेच राहिलं.

राजाबाईंनी प्रियांकाला दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत धाडलं. सोबत पाण्याची बाटली दिली. ती भरलेलीच परत आली.

पुढचे दिवस लसणात गेले. जमीन आवळून आली होती. आधी पाणी सोडून वाफा भिजवायचा, मग खुरपं खाली घालून गड्डा उचकटायचा, माती झाडायची आणि ओळीने असा पसरायचा की एकाच्या पातीने दुसऱ्याचा गड्डा झाकला जाईल. उन्हाने गड्डा भाजता कामा नये. ढिल्या मुठीचं खुरपं राजाबाईंच्याच वाट्याला आलं होतं. तळहाताला फोड आला, फुटला, तिथे लसणाचा रस लागून आग होऊ लागली. खंडोजीराव अर्धी ओळ झाली की कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत.

"येणार बहुतेक मावठा," ते म्हणत.

"तुम्ही नुसते बघत राहिलात तर नक्की येईल," राजाबाई म्हणत.

शाळेतून आली की प्रियांका मुकाट्याने विळा घेऊन वाळलेली पात कापायला बसायची. राजाबाई तिच्या हातून विळा काढून घ्यायच्या आणि पुस्तक द्यायच्या. दहा मिनिटांनी बघावं तर पुस्तक मांडीवर उघडं आणि हातात पुन्हा विळा. सासूने सुनेला काम करू नको म्हणून ओरडावं आणि सुनेने चोरून काम करावं, असा उलटा संसार राजाबाईंनी कुठे पाहिला नव्हता.

मग बारावीचा निरोपसमारंभ आला, आणि सुमंगला मॅडमच्या चांगल्या मनाने घात केला.

मालव्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांचा एक गोड समज असतो. आपण इथे मूठभर, तेव्हा आपलं सगळं एकच. पुरणपोळी एक, गणपती एक, म्हणजे चालीरीतीही एकच. मॅडमनी विचार केला, पोरीला आई नाही, माहेरून ओटी भरायला कुणी येणार नाही, तर आपण भरू. देवासला घरी सासूबाईंना, माईंना, विचारून त्यांनी सगळं यथासांग आणलं. हिरव्या बांगड्या, खण, गहू, शेंडीचा नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक, पाच फळं. समारंभ संपल्यावर शाळेतल्या पाच सुवासिनी शिक्षिकांनी प्रियांकाला पाटावर बसवून ओटी भरली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. इतिहासाच्या मॅडमना, ज्यांनी तिला कधी एक सन विचारला नव्हता, रडू आलं. प्रियांकालाही आलं, आणि तिचं खरं होतं.

प्रियांका ओढणीत ओटी सांभाळत, नवा चुडा वाजवत रपट्यावरून चालत आली. शाळा नदीपलीकडे होती आणि घर, शेत अलीकडे. मध्ये हा रपटा, म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा बुटका पूल. खंडोजीराव बांधावरच उभे होते. त्यांनी आधी बांगड्या बघितल्या, मग ओढणीतला नारळ.

"हे काय आहे?"

"मॅडमनी ओटी भरली, आबासाहेब."

"नदीच्या पलीकडे? आणि ओटी घेऊन तू पाण्यावरून आलीस?"

पोरीचा चेहरा पडला. राजाबाई विळा हातात घेऊन धावत आल्या, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ह्या घरात ओटी भरली की सून बाळंत होईपर्यंत पाणी ओलांडत नसे. नदी नाही, नाला नाही. मॅडमच्या देवासच्या ब्राह्मण घरात असं काही नव्हतं, म्हणून ते माईंना ठाऊक नव्हतं आणि सुमंगला मॅडमना तर मुळीच नव्हतं. शाळा पलीकडे. परीक्षेचं केंद्रही त्याच शाळेत.

"झालं," खंडोजीराव म्हणाले. "आता ती कुठे जायची नाही. एकदा आली ती आली, देव माफ करेल. पुन्हा नाही."

"आणि पेपर?"

"पुढच्या साली."

"पुढच्या साली तुम्ही पोर सांभाळाल का?"

"अमनची आई, तुला मालूम नाही का ह्या घरात काय झालं होतं?"

राजाबाईंना मालूम होतं. त्यांच्याच पोटचं झालं होतं. अमनच्या आधी एक मुलगा पोटात होता. ओटी भरल्यावर नणंदेच्या लग्नासाठी त्यांना नदीपलीकडे नेलं होतं, आणि त्याच आठवड्यात तो गेला. तेव्हापासून नदीचं नाव निघालं की हे घर दचकायचं.

"ओटीची लापशी कधी करशील?" खंडोजीरावांनी विचारलं. ह्या घरची रीत अशी की ओटीतले गहू भरडून गुळाची लापशी करायची आणि पहिला घास सासूने सुनेला भरवायचा. मग ओटी पोटाला लागली असं समजायचं.

"लसूण कोण काढेल? सवड झाली की करीन," राजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ओटीचं सगळं एका फडक्यात बांधून धान्याच्या कोठीवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रियांका शाळेत गेली नाही. पात कापत बसली, आणि आता तिच्या हातून विळा काढून घ्यायला राजाबाईंकडे कारण उरलं नव्हतं. अमनला फोन केला. तो पीथमपूरला कंपनीत होता आणि शिफ्टच्या बसमध्ये चढत होता. "आबासाहेब म्हणतील तसं करा ना आई, मी इथून काय बोलू? बस सुटली, ठेवतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला. बापाने मान डोलवायची आणि मुलाने फोन ठेवायचा, एवढं दोघांना बरोबर जमत होतं.

दोन दिवसांनी सुमंगला मॅडम स्वतः आल्या, बांधावरून साडी सावरत.

"काका, हे मला माहीत असतं तर मी केलंच नसतं. आमच्याकडे असं नसतं हो."

"तुमच्याकडे नसेल," खंडोजीराव म्हणाले. "आमच्या घराला तुमचा कायदा लागू नाही."

"पण काका, ही अंधश्रद्धा आहे. पाणी ओलांडल्याने काय होतं? इतके दिवस रोज येतच होती ना ती?"

"तेव्हा ओटी नव्हती भरलेली. तुम्ही भरलीत. मी सांगितलं होतं भरा म्हणून?"

मॅडमनी राजाबाईंकडे बघितलं. राजाबाई खाली बघून लसूण उपटत होत्या. त्यांना दोघांचाही सारखाच वीट आला होता. एक जण पोरीला नदीच्या भीतीने बांधून घालत होता, दुसरी प्रेमाने बांधून घालत होती. आणि बांधलेली पोर निंबाखाली पात कापत होती, तिला कुणी विचारतही नव्हतं.

"प्रियांका, बेटा, तू काळजी करू नको हं," मॅडम जाताना म्हणाल्या. "आम्ही सगळे आहोत तुझ्या पाठीशी."

"हो मॅडम," प्रियांका म्हणाली.

त्या रपट्याकडे वळल्या तशी ती हळूच म्हणाली, "पाठीशी नको, चावी दिली असती तरी झालं असतं." राजाबाईंनी ते ऐकलं.

पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी लसूण निघाला. शेवटचा वाफा राजाबाईंनी न्याहारीच्या आधीच उपटला. ढग जरा पांगले होते. खंडोजीराव लसूण भरायला कट्टे, म्हणजे पोती, आणायला निघता निघता म्हणाले, "आज तरी कर बाई ती लापशी. म्हणजे पोरीच्या मनातून पण जाईल. एकदा खाल्ली की विषय संपला."

राजाबाईंनी कोठीवरचं फडकं खाली घेतलं. जात्यापाशी बसल्या. गाठ सोडली. गहू, खण, नारळ, हळकुंड. फळं केव्हाच खाऊन झाली होती. मूठभर गहू घेऊन त्यांनी जात्याच्या तोंडाशी धरले. विषय संपणार होता, हे खरं होतं. ह्या गव्हाची लापशी पोरीच्या तोंडात गेली की विषय संपणार होता.

त्यांनी मूठ पुन्हा फडक्यात सोडली, गाठ बांधली, हातपाय न धुता चपला घातल्या आणि रपट्याच्या वाटेला लागल्या.

शाळेत शिक्षकांच्या खोलीत सगळे उद्याच्या तयारीत होते. बडे सर बेंचवर नंबर चिकटवण्याबद्दल बोलत होते. दारात मातीने भरलेले पाय, लसणाचा उग्र वास आणि काखेत फडकं घेऊन एक बाई उभी राहिली. शिपाई तिला अडवायला निघाला, पण तोवर ती आत आली होती. राजाबाईंनी टेबलावर, नंबरांच्या पट्ट्यांवरच, फडकं ठेवलं आणि गाठ सोडली.

"ही तुमची ओटी," त्या म्हणाल्या. "मोजून घ्या. फळं तेवढी खाल्ली."

सुमंगला मॅडम उठून उभ्या राहिल्या. "काकू! भरलेली ओटी परत करतात का? असं नका करू, बरं नसतं ते."

"का? अंधश्रद्धा आहे ना?"

मॅडमनी ओटीकडे पुढे केलेला हात मागे घेतला.

"अजून पोटात नाही गेली ती. लापशी केली नाही मी, तर ती लागलीच नाही. तुमच्यापाशी ठेवा. तिचे पेपर झाले की अलीकडे या, माझ्या दारात, आणि पुन्हा भरा. मी स्वतः पाट मांडीन."

बडे सरांना अर्धंमुर्धं समजलं. "देखिए माताजी, ऐसी हालत में रिस्क है. कल को कुछ हो गया तो ज़िम्मेदारी किसकी?"

"मेरी," राजाबाई म्हणाल्या. "पोटापासून पाठीपर्यंत सगळी माझी. तुम्हारी बस इतनी है, उसको नीचे के कमरे में बिठाओ. ऊपर नहीं, व्हरांड्यात अकेली नहीं. सबके साथ, नीचे."

"वो तो हो जाएगा..."

"मग आधी का नाही झालं?" त्यांचा आवाज चढला आणि हिंदी संपली. "पोरगी पाणी पीत नाही तुमच्या शाळेत! ऐकताय का? सातव्या महिन्यात कोरडी बसते. का, तर संडासाला कुलूप आणि चावी मागितली की पोरं हसतात. चक्कर आली की गाडीत घालून आणून सोडता. गाडी नको होती तिला. खण नको, बांगड्या नको. तुमच्या टाळ्या पण नको होत्या."

इतिहासाच्या मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. राजाबाईंनी आपल्या लुगड्याचा पदर सोडला आणि दोन्ही हातांनी ओटी घ्यायला धरतात तसा पुढे धरला. मातीने मळलेला, एका टोकाला फाटलेला पदर होता तो.

"घालायचंच आहे ना काही? चावी घाला."

"हर्षित, वो चाबी..." बडे सर थांबले. "पर वो तो ऑफिस में ही रहती है. नियम है."

हर्षितबाबू दारातच उभा होता. तो हलला नाही. सुमंगला मॅडम टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारून ऑफिसात गेल्या. खिळ्यावरची चावी काढण्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"निरीक्षणाला कोणी आलं तर माझं नाव सांगा सर," त्या हिंदीत म्हणाल्या. "मी रोज साफ करवून घेईन. नाहीतर मी करीन." मग त्यांनी चावी राजाबाईंच्या पदरात घातली. घालताना सवयीने तिला उजवा हात लावून नमस्कार केला, आणि लक्षात आल्यावर ओशाळल्या.

राजाबाईंनी चावीला पदराची गाठ मारली आणि त्या निघाल्या.

खंडोजीराव कट्टे घेऊन परत आले होते. लापशीचा वास नाही, चूल थंड, बायको शेताकडून नाही तर रपट्याकडून येतेय. ते काय समजायचं ते समजले.

"ओटी परत दिलीस? अगं, कुणी देतं का? पोराला काही झालं तर?"

"पाण्याने काही होत नाही."

"आपल्या पहिल्याला काय झालं मग?"

राजाबाई लसणाच्या ढिगाजवळ खाली बसल्या.

"तो नदीने नाही गेला," त्या म्हणाल्या. "चैतात गहू कापत होते मी. लग्नाहून आलो आणि लगेच विळा हातात. घागर तिकडे बांधावर, आणि पुरुषांच्या आधी पाणी मागायचं नाही असं तुमच्या आईसाहेबांनी बजावलेलं. दिवसभर कोरडी होते मी. घाम पण यायचा बंद झाला. मग पोटात दुखायला लागलं. तुम्ही सगळे नदी-नदी करत बसलात."

खंडोजीरावांनी हातातला कट्टा खाली ठेवला. "आजपर्यंत सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी? तेव्हा मी सून होते. मग तुमचं सगळ्यांचं ठरलं होतं." त्यांनी पदराच्या टोकाने नाक पुसलं, गाठीतली चावी गालाला लागली. "नरसिंहासमोर शब्द तुम्ही दिलाय. मी नाही. पण उद्या मी तिला घेऊन जाणार. तुम्हाला मान डोलवायची तर डोलवा, नाहीतर राहू द्या."

प्रियांका निंबाखाली उभी होती. तिने विळा खाली ठेवला आणि पुस्तक उचललं.

सकाळी धुकं होतं. दोघी निघाल्या तेव्हा खंडोजीराव ओट्यावर नव्हते. ते रपट्याच्या अलीकडच्या टोकाला दगडावर बसले होते, डोक्याला घोंगडी गुंडाळून. त्यांनी सुनेकडे बघितलं नाही.

"सावकाश जा," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "मी इथे बसतो."

"पेपर संपेपर्यंत?" राजाबाईंनी विचारलं. "आणि लसूण?"

"लसूण कुठे पळून जातोय."

यावर भांडायला राजाबाईंकडे पुष्कळ होतं, पण त्यांनी ते ठेवून दिलं.

शाळेच्या फाटकापाशी सगळी मुलं जमली होती. राजाबाईंनी पदराची गाठ सोडून चावी प्रियांकाच्या ओढणीत बांधली आणि आपण फाटकाबाहेर, चिंचेखाली बसल्या. फाटकाच्या गजांतून व्हरांडा दिसत होता. सुमंगला मॅडम खालच्या खोलीच्या दारात उभ्या राहून नंबर सांगत होत्या. शेजारी पाण्याचा माठ होता आणि माठापाशी हर्षितबाबू.

प्रियांका दाराशी पोचली आणि थांबली. मागची मुलं खोळंबली. एक जण काहीतरी बोलला, दोघे हसले. राजाबाईंनी नकळत गज घट्ट धरला. आता ही मागे वळते की काय, असं त्यांना वाटलं.

प्रियांकाने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि सगळ्यांसमोर, हर्षितबाबूकडे बघत, घटाघटा पाणी प्यायली. पाणी हनुवटीवरून ओढणीवर सांडलं. बाटली रिकामी झाली तशी तिने ती माठातून पुन्हा भरली आणि आत गेली.